आरएसए घेताय? आधी गाडीचं वजन सांगा, मग भाव विचारा

साधी कार असली की रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे आरएसए, रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत देणारा प्लॅन, घेताना डोकं लावायचं काम नाही. पॉलिसी रिन्यू करताना फोनवरचा पोरगा म्हणतो सर एवढेसे रुपये एक्स्ट्रा लागतील, आपण म्हणतो टाक बाबा, आणि विषय संपला. पण गाडीच्या मागे बेड, सिंक, छोटा फ्रिज आणि छतावर सोलर पॅनल असलं, किंवा एसयूव्हीच्या मागे ट्रेलर लटकलेला असला, तर तोच पोरगा होल्डवर टाकून सिनियरला विचारायला जातो, आणि सिनियरला पण माहीत नसते. मी गेले काही दिवस हेच करून राहिलो, फोन लावणे, पीडीएफ वाचणे, परत फोन लावणे, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू, कोणाला तरी कामी येईल.

आमच्याकडे ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबस आहे, आतून कॅम्पर (झोपा-शिजवायची सोय असलेली) केलेली. मावसभावाकडे एसयूव्ही आणि तिच्या मागे लावायचा एक छोटा ट्रेलर. दोघं मिळून पेंच, ताडोबा, चिखलदरा, पचमढी असं फिरतो. नागपूरचं बरं आहे, झिरो माइलपासून कुठल्याही दिशेनं निघा, तीन-चार तासांत जंगल लागते. आणि जंगल लागलं की नेटवर्क जाते.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचा हाच घोळ आहे. फुल इन्शुरन्स आहे म्हणजे टोइंग आहेच असं ते समजतात. आपल्याकडच्या प्रायव्हेट कारच्या पॅकेज पॉलिसीची जी ठरलेली भाषा आहे तिच्यात गाडी उचलून जवळच्या गॅरेजला न्यायचा खर्च असतो, पण तो अपघातानंतरचा, आणि एका अपघाताला सगळा मिळून १,५०० रुपयांपर्यंत. क्लच गेला, फॅन बेल्ट तुटला, डिझेलमध्ये पाणी आलं, हा अपघात नाही, हा ब्रेकडाउन. त्याच्यासाठी आरएसए वेगळं घ्यावं लागते, आणि इन्शुरन्स कंपनीकडून घ्यायचं तर साधारणपणे ओन डॅमेज कव्हर, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर, असलं तरच ॲड-ऑन म्हणून मिळते, नुसत्या थर्ड पार्टीवर नाही. आणि १,५०० रुपयांत आजकाल हायड्रा क्रेनवाला बूम पण वर करत नाही.

आता वजन. मी पहिल्या फोनपासून एकच प्रश्न धरून ठेवला: माझी गाडी भरलेली असताना तीन टनांच्या वर जाते, तुम्ही तिच्यासाठी काय पाठवाल? किती रुपये हा प्रश्न नंतरचा. कारण कारच्या प्लॅनमध्ये जो फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, येतो तो हॅचबॅक, सेडान, फार तर एसयूव्हीच्या हिशेबानं बनवलेला असतो. त्याची विंच (गाडी ओढून वर घेणारी चरखी) किती ओढते, डेकची लांबी किती, हे कस्टमर केअरवाल्याला माहीत नसते आणि ते त्याचं कामही नाही, पण लोकल टोइंगवाल्याला बरोबर माहीत असते. वरून उंची. ट्रॅव्हलरचं छत आधीच उंच, त्याच्यावर सोलर, आणि ही सगळी बाई फ्लॅटबेडवर चढली की मग नागपुरातल्या लोहापुलाखालून काढून दाखवा बरं! म्हणून आता मी लांबी, उंची, आरसीवरचं ग्रॉस वेट आणि चाकं किती, हे एका कागदावर लिहून गाडीत चिकटवून ठेवलं आहे. फोन करणारा मीच असेन असं काही नाही, बायको असेल, पोरगा असेल. वजन सांगताना पाण्याची टाकी विसरू नका, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, अन् बॅटऱ्या वेगळ्या.

आरसीचा मुद्दा वजनाला लागूनच येतो. आपल्याकडे आरटीओच्या वर्गवारीत कॅम्पर व्हॅन हा वेगळा क्लास आहे, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं स्टँडर्ड पण आहे, आणि महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन टुरिझमचं धोरणही आणलं. म्हणजे कागदावर सगळं आहे. पण रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी गाड्या आरसीवर अजून प्रवासी वाहन आहेत आणि आतून बेडरूम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत, आणि बदल केला की इन्शुरन्स कंपनीला कळवायचं हे तर आहेच. आरएसएच्या अटींमध्ये बारीक अक्षरात असते की रजिस्ट्रेशनपेक्षा वेगळ्या स्वरूपात बदललेली गाडी आम्ही बघणार नाही. सगळ्याच कंपन्या हे लिहितात असं नाही, पण जिथे लिहिलं आहे तिथे तुम्ही वर्षभर पैसे भरले तरी ऐनवेळी समोरचा म्हणेल सॉरी सर. मी एका ठिकाणी सरळ ईमेल टाकला, आतले-बाहेरचे फोटो जोडले, आरसीची कॉपी जोडली, आणि विचारलं की ही गाडी तुमच्या प्लॅनमध्ये बसते का, हो किंवा नाही लिहून द्या. फोनवर "हो सर, सगळं कव्हर आहे" म्हणणाऱ्यांनी ईमेलवर उत्तरच दिलं नाही. समजलं मला.

ट्रेलरची कथा याच्याहून मजेदार. मावसभाऊ पचमढीला चालला होता, सावनेर-सौंसर करून सिल्लेवानी घाटाच्या अलीकडे ट्रेलरच्या एका चाकाचं बेअरिंग जाम झालं, हब एवढा तापला की हात लावता येईना. एसयूव्ही ठणठणीत. आरएसएला फोन लावला तर पलीकडून विचारलं, सर गाडी चालू आहे का? आहे. मग प्रॉब्लेम काय आहे? प्रॉब्लेम मागे आहे. मागचं कव्हरमध्ये नाही सर. विषय खतम. त्यांच्या लेखी आरएसए एसयूव्हीच्या नंबरवर होतं, आणि ट्रेलर म्हणजे सामान. शेवटी सौंसरहून एक मिस्त्री बाइकवर आला, बेअरिंग जागेवर काढून दुसरं बसवलं, वर आम्हाले शिकवून गेला की ग्रीस दरवर्षी बदला राजेहो, गाडी नाही चालली तरी.

उलट बाजूनं विचार करा. समजा एसयूव्हीच बंद पडली. फ्लॅटबेड येईल, एसयूव्ही घेऊन जाईल, आणि ट्रेलर? एका डेकवर दोन्ही बसत नाहीत, आणि ट्रेलर जोडलेला ठेवून गाडी पुढून उचलून टोचन करून न्यायला कोणी शहाणा ड्रायव्हर तयार होणार नाही. म्हणजे ट्रेलर घाटात एकटा, किंवा त्याच्याजवळ घरातलं एक माणूस बसलेलं. दुसरी गाडी पाठवली तर ती वर्षभराच्या कोट्यातली दुसरी सर्व्हिस धरतात की त्याच कॉलमध्ये धरतात, हे आधीच विचारून घ्या. ट्रेलरचं रजिस्ट्रेशन वेगळं, इन्शुरन्स वेगळा, तर आरएसए पण त्याच्या नावानं वेगळं मिळते का हेही विचारा. मला आतापर्यंत बहुतेकांनी नाहीच म्हटलं. एक-दोघं म्हणाले बघून सांगतो, ते अजून बघूनच राहिले.

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे त्यामुळे तिकडे उत्तरं तयार आहेत. माझी आतेबहीण टेक्सासला असते, तिच्याकडे मोठा ट्रॅव्हल ट्रेलर आहे, तिला विचारलं. एएए नावाचा जो क्लब आहे तिथला, १९०२ पासूनचा, त्याच्या साध्या मेंबरशिपमध्ये आरव्हीचं, म्हणजे कॅम्पर-ट्रेलरसारख्या राहायच्या गाड्यांचं टोइंग धरलेलं नसते, त्याच्यासाठी प्लस आरव्ही किंवा प्रीमियर आरव्ही असा वरचा प्लॅन घ्यावा लागतो, आणि प्लसमध्ये शंभर मैलांपर्यंत टोइंग मिळते, म्हणजे आपले १६० किलोमीटर. दुसऱ्या काही कंपन्या मैल मोजतच नाहीत, त्या म्हणतात जवळच्या अशा ठिकाणी नेऊ जिथे तुमची गाडी दुरुस्त होऊ शकते. ऐकायला हे भारी वाटते, पण ते ठिकाण कोणतं हे कोण ठरवणार, तुम्ही की ते? ताई म्हणाली तिनं प्लॅन घेताना हाच प्रश्न सगळ्यात जास्त ताणला होता. आणखी एक फरक म्हणजे क्लबची मेंबरशिप माणसाची असते, माणूस ज्या गाडीत आहे त्या गाडीला मदत. आपल्याकडे बहुतेक वेळा आरएसए गाडीच्या नंबरला चिकटलेलं असते. त्यामुळे माझ्या ट्रॅव्हलरवरचं कव्हर मावसभावाच्या एसयूव्हीला शून्य उपयोगाचं, मी स्वतः स्टिअरिंगवर बसलो तरी.

किलोमीटरचं गणित आपल्याकडे नकाशा समोर ठेवून करा. प्लॅनमध्ये लिहिलेलं असते अमुक किलोमीटरपर्यंत मोफत, पुढे दर किलोमीटरला इतके. काही ठिकाणी हे अंतर टोइंगवाल्याच्या ठिकाणापासून मोजतात, काही ठिकाणी गाडी बंद पडली तिथून. मेळघाटात सेमाडोहजवळ गाडी बंद पडली आणि टो ट्रक अमरावतीहून निघाला तर घाट चढून येण्यातच तुमचे किलोमीटर खाऊन टाकेल. म्हणून हे विचारल्याशिवाय पन्नास की शंभर हा आकडा बिनकामाचा आहे. शिवाय जवळचं ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटर म्हणजे चिखलदऱ्याहून अमरावती, ताडोब्याहून चंद्रपूर, पचमढीहून छिंदवाडा नाहीतर पिपरिया-नर्मदापुरमकडे (आधीचं होशंगाबाद). तिथे तुमचा कॅम्पर उभा राहिला आणि मिस्त्रीला आतलं वायरिंग बघून घाम फुटला तर परत नागपूरला आणायचा खर्च तुमचाच. मी तरी किलोमीटर जास्त देणारा प्लॅन बघतो, बाकी फायदे कमी असले तरी चालतील. डिझेल आणून देणे, चावी आत राहिली तर उघडून देणे, हे सगळं शहरातल्या लोकांसाठी आहे बाप्पा.

हायवेवर फुकटची मदत पण आहे आणि ती लोक वापरत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा. नागपूरहून जबलपूरकडे किंवा हैदराबादकडे जाणारा ४४ नंबर, रायपूरकडे जाणारा ५३ नंबर, हे दोन्ही त्याच्यात आले. पण समृद्धी महामार्ग एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे, त्याची हेल्पलाइन वेगळी, ती शिवमडक्याहून चढण्याआधीच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. समृद्धीवर एका इंटरचेंजहून दुसऱ्यापर्यंत मधे उतरायलाच जागा नाही, सिमेंटचा रोड, मे महिन्यात आपल्याकडचं ऊन पंचेचाळीसच्या घरात, टायर फुटायचे प्रकार सगळ्यांना माहीतच आहेत. आता हायवेच्या क्रेनचं मुख्य काम रस्ता मोकळा करणे हे आहे, ती तुम्हाला सुरक्षित जागी नेऊन ठेवेल, तुमच्या मिस्त्रीच्या दारात नाही. म्हणजे पहिला टप्पा यांचा, दुसरा आरएसएचा. दोन्ही नंबर लागतात.

टायरचं निघालंच आहे तर, ट्रेलरचा टायर घासून नाही जात, उभ्या उभ्या म्हातारा होऊन जातो. टायरच्या साइडवर डीओटी म्हणून जो कोड असतो त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसते म्हणून फसू नका. आणि स्टेपनी. आरएसएवाला पंक्चरच्या कॉलला येऊन स्टेपनी बदलून देतो, स्टेपनी आणून देत नाही. ट्रेलरला स्टेपनीच नसली, आणि कितीतरी लोकल बनवलेल्या ट्रेलरला नसतेच, तर तो येऊन तुमच्यासोबत चहा पिऊन जाईल. जॅक पण आपलाच ठेवा, कारचा जॅक ट्रॅव्हलरला पुरत नाही.

जम्प स्टार्ट, म्हणजे बॅटरी उतरली की दुसऱ्या बॅटरीनं गाडी चालू करून देणे, हे फक्त इंजिनच्या बॅटरीसाठी, हेही लिहून ठेवतो. आतली घराची बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज, पाण्याचा पंप यातलं काहीच कोणी बघत नाही, त्याच्यासाठी ज्यानं फिटिंग केलं त्याचाच नंबर. आणि टोइंगला द्यायच्या आधी गॅसचा सिलिंडर बंद करून ड्रायव्हरला सांगा, काही ड्रायव्हर सिलिंडर आत असताना गाडी चढवायला सरळ नाही म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे.

अपवादांची यादी वाचताना माझी नजर एकाच शब्दावर जाते, रोड. बऱ्याच प्लॅनमध्ये मोटारीनं जाता येईल असा रस्ता पाहिजे असं असते. पेंचच्या सिल्लारीपर्यंत, ताडोब्याच्या मोहर्लीपर्यंत डांबरी रस्ता आहे, काही टेन्शन नाही. पण रिसॉर्टच्या मागचा कच्चा रस्ता, शेताच्या धुऱ्यावरून तलावाकडे नेलेली गाडी, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेलं चाक, हे त्यांच्या मते ऑफ-रोड. विदर्भातली काळी माती ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको, तिथे फ्लॅटबेड आला तर तोही रुतेल. तिथे ट्रॅक्टरच कामी येतो, आणि ट्रॅक्टरवाला आरएसएच्या नेटवर्कमध्ये नसतो, गावात असतो. म्हणून गाडीत एक चांगला टो स्ट्रॅप (ओढायचा पट्टा) अन् दोन शॅकल (तो अडकवायच्या लोखंडी कड्या) ठेवलेले बरे.

तर सध्या मी काय केलं. ट्रॅव्हलरसाठी कमर्शियल गाड्यांचं आरएसए देणारा एक प्लॅन घेतला, कारवाल्यापेक्षा महाग पडला पण त्यांनी ग्रॉस वेट विचारून, आरसी बघून, ईमेलवर हो लिहून दिलं. त्याच्यासोबत ऑटोमोटिव्ह चौकाकडच्या एका टोइंगवाल्याला जाऊन भेटलो, त्याला गाडी दाखवली, मोठा फ्लॅटबेड आहे त्याच्याकडे, चंद्रपूर-अमरावतीहून आणायचे काय घेशील ते बोलून ठेवलं, पावती देतो म्हणाला. काही आरएसए प्लॅनमध्ये त्यांची गाडी पोचू शकत नसेल तर आपण केलेल्या टोइंगचे पैसे एका मर्यादेपर्यंत परत मिळतात, पण आधी त्यांना कॉल करून परवानगी आणि कॉलचा नंबर पाहिजे, नंतर नुसती पावती नेली तर हात वर करतात. माझ्या प्लॅनमध्ये ही सोय आहे, म्हणूनच तो घेतला खरं तर.

मावसभावाच्या ट्रेलरचं मात्र अजून लटकलेलंच आहे. तो म्हणून राहिला की बेअरिंगचा एक सेट आणि ग्रीसचा डबा सोबत ठेवला की झालं, काऊन पैसे वाया घालवायचे. मी म्हणतो हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायचा हुक, तुटला तर काय करशील? नागपुरात कोणी ट्रेलरसाठी वेगळं आरएसए खरंच घेतलं असेल, आणि एकदा तरी वापरून पाहिलं असेल, तर कोणत्या प्रकारच्या पॉलिसीवर मिळालं तेवढं कळवा. नाहीतर दिवाळीनंतर तो परत सिल्लेवानी घाटातूनच जाणार आहे.