खिडकीपाशी या

दुपारी तीनच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत येतं आणि ओट्यावरच्या लोणच्याच्या बरणीवर जेमतेम दहा मिनिटं टेकतं. परवा ते बघून मी मोबाईल काढला, तोच मागून आईने ट्यूब लावली. "अरे, अंधारात काय काढतोयस?"

ट्यूब लागली आणि बरणी नुसती बरणी झाली.

फोटो खिडकीच्या उजेडातच काढायचा, हा माझा हट्ट घरात सगळ्यांना छळतो. पाहुणे आले की मी त्यांना उठवून खिडकीपाशी बसवतो, दिवे घालवतो, पलीकडून कोणाला तरी उजेड परतवायला पांढरा कागद धरून उभं करतो. स्टीलचं ताट धरू नये, चेहऱ्यावर चकाकीचे पट्टे उमटतात. लग्नपत्रिकेच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा उत्तम. कालनिर्णयचं पान चालेलसं वाटतं, पण मागची बाजू कोरी नसते. करून पाहिलंय.

काकांचं सगळं याच्या उलट. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. त्यावर एक खूण सूर्याची, एक ढगाची, आणि काका ढगाच्या वाटेला कधी गेले नाहीत. ऊन पाठीशी घ्यायचं, हा त्यांचा एकमेव नियम. मे महिन्यात कडक उन्हात अख्खं घर अंगणात, अनवाणी, तापलेल्या शेणसारवणावर. "डोळे उघडा रे!" म्हणून ते ओरडायचे. त्या अल्बममध्ये आमच्या घराण्यात कोणालाच डोळे नाहीत. बहुतेक फोटोंत खाली काकांची सावली मात्र आहे, कोपरं बाहेर काढून उभी.

पुढे कळलं, फिल्मच्या खोक्याच्या आत उन्हाची-ढगांची चित्रं छापलेली असत. १०० स्पीडच्या फिल्मला कडक उन्हात भिंगाचं छिद्र बारीक, एफ १६, आणि शटर सेकंदाचा १/१२५ भाग. ढगाळलं की छिद्र मोठं, एफ ८. हिशेब तेवढाच. पण काका खोकं उघडायचे ते फाडूनच.

त्यांचा एकच फोटो चांगला आला, तोही रोल संपवायचा म्हणून. बारावा उरला होता, दुकान बंद व्हायच्या आत रोल धुवायला द्यायचा होता, आणि आजी उन्हात यायला तयार नव्हती. ती ओटीच्या कडेला तांदूळ निवडत बसलेली. "इथूनच काढ काय ते." अंगणातलं ऊन भिंतीवरून परतून तिच्या उजव्या गालावर आलं होतं. तिने मान वर केलीच नाही. काकांना तो फोटो वाया गेलेला वाटला.

ती गेल्यावर तोच मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्याने चेहऱ्याची काळी बाजू उजळून, गाल गुळगुळीत करून, मागे निळं आभाळ घालून दिला. हार त्यालाच आहे. मूळचा बिस्किटांच्या डब्यात असतो, निगेटिव्ह कुठे गेली देव जाणे.

आई म्हणते, आजीच्या डाव्या गालावर तीळ होता. आत्या म्हणते, छे, नव्हताच. मी डबा काढून बघितलं. डावा गाल अंधारात आहे.