कोठीतल्या तीन, फ्रीजमधल्या तीन

घरी मुरत ठेवलेल्या रेड वाईनच्या बाटल्यांची शेवटची जोडी २०२५ च्या जानेवारीत उघडली. पाच वर्षांचा उद्योग संपला एकदाचा. वहीतल्या नोंदी इथं एकत्र करतोय, कारण सुट्या सुट्या वाचून आता माझाच मेळ लागेना.

नवीन मंडळींसाठी आधी मांडामांड सांगतो. २०१९ च्या नोव्हेंबरात एकाच रेड वाईनच्या, एकाच खोक्यातल्या सात बाटल्या घेतल्या. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या द्राक्षांचं मिश्रण, २०१७ चा माल, ओकच्या पिंपात मुरलेला, बूच अस्सल कॉर्कचं. लेबल मुद्दाम सांगत नाही. पुढं जे बिघडलं ते माझ्या हातून बिघडलं, त्यात वायनरीला कशाला ओढा? एक बाटली लगेच उघडून चव लिहून ठेवली. तीन गेल्या आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या घराच्या कोठीत, तीन गेल्या सेकंडहँड फ्रीजमध्ये. मग अधूनमधून दोन्हीकडची एकेक काढायची आणि शेजारी शेजारी चाखायची. प्रश्न एवढाच होता की बेळगावच्या हवेत, यंत्राशिवाय, वाईन मुरते की शिजते?

बाटलीवरचं साल, म्हणजे द्राक्षं काढल्याचं वर्ष, वाचताना एक लक्षात ठेवा. युरोपात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडं एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी, म्हणजे फळासाठीची छाटणी आणि माल येतो फेब्रुवारी-मार्चात. अथणीकडच्या बागा बघितलेल्यांना हे सांगायला नको. म्हणजे २०१७ चा शिक्का असलेली आपली बाटली त्याच शिक्क्याच्या फ्रेंच बाटलीपेक्षा सहा-सात महिन्यांनी थोरली. उघडायच्या वेळेचा हिशेब करताना हे विसरू नये.

आता कोठी. जांभ्या चिऱ्याच्या दोन फूट जाड भिंती, उत्तरेकडची बाजू, वर माळा, त्यावर कौलं, खिडकी वीतभर. आईच्या लोणच्याच्या बरण्या तिथंच असतात आणि बाटल्या त्यांच्या शेजारी आडव्या ठेवल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बेळगावला जुने लोक गरिबांचं महाबळेश्वर म्हणत. साडेसातशे मीटर उंचीवरच्या गावाला ते शोभतंही. मीही त्या भरवशावर होतो. मग कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर टांगला. जानेवारीत पहाटे १७ अंश, एप्रिलअखेर ३१. बाहेर ३७ असताना आत ३१ म्हणजे माणसाला गारच वाटतं, पण वाईनला बारा-चौदा अंश लागतात. कोठीची एक बाजू मात्र चांगली: दिवस-रात्रीत फरक जेमतेम दोन अंशांचा. दिवाणखान्यात तोच आठ-नऊ अंशांचा पडतो. शोकेसमध्ये दिव्याखाली बाटल्या उभ्या मांडून ठेवणाऱ्यांनी हे दोन आकडे एकदा घरी मोजून बघावेत.

फ्रीज जुना, एका दाराचा. त्याला बाहेरून डिजिटल कंट्रोलर जोडला आणि १४ अंशांवर लावला. पहिल्याच आठवड्यात घोटाळा केला. सेन्सर आत मोकळा लटकत ठेवलेला, त्यामुळं दार उघडलं की हवा तापायची आणि कॉम्प्रेसर लगेच घरघरायला लागायचा. सेन्सर पाण्यानं भरलेल्या बाटलीत बुडवल्यावर तो शांत झाला. त्याला बाटलीतल्या द्रवाचं तापमान कळायला हवं, हवेचं नव्हे. पावसाळ्यात सहा-सात तास लाईट गेली तरी दार बंद ठेवल्यास आतलं तापमान दोनेक अंशच चढतं, त्यामुळं इन्व्हर्टरची लाईन तिकडं नेली नाही. आत पाण्याची वाटी ठेवतो, कॉर्क सुकू नये म्हणून. कोठीत उलट त्रास. जुलैत आर्द्रता नव्वदीला जाते आणि लेबलांवर पांढरी बुरशी धरते. वाईनला त्यानं काही होत नाही, पण साल वाचता येईना म्हणून बाटल्यांना स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची गुंडाळी केली.

पहिली, तुलनेची बाटली डिसेंबर २०१९ मध्ये. रंग गडद जांभळा, पेला वाकडा करून पांढऱ्या कागदावर धरला तरी कडेपर्यंत जांभळाच. वासात जांभूळ, करवंद, मागं ढबू मिरची. ही ढबू मिरची कॅबर्नेची खूण, पायराझिन नावाच्या द्रव्यांमुळं येते. द्राक्ष जितकं कोवळं असताना तोडलं तितकी जास्त. तुरटपणा असा की जीभ टाळ्याला चिकटावी, अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यावर चिकटते तशी. आमच्या सौंचा शेरा वहीत जसाच्या तसा आहे: "शाई."

वासांच्या शब्दांबद्दल इथंच सांगतो. परदेशी यादीतली ब्लॅककरंट आणि सीडार मी आयुष्यात कधी हुंगलेली नाहीत, तर ती पेल्यात सापडणार कशी? म्हणून स्वतःची यादी केली. खानापूरच्या रानातली करवंदं, आमसूल, काळा चहा, काकवी, जिरेमिरे, पहिल्या पावसाची माती, आणि तंबाखू. तंबाखूचे तज्ज्ञ घरातच आहेत. काका निपाणीला तंबाखूच्या वखारीत तीसेक वर्षं होते. पोत्यात हात घालून नुसत्या वासावर माल किती मुरलाय ते सांगायचे. ते माळकरी, थेंबही घेत नाहीत. मी पेल्यात नाक खुपसून बसलेलो बघून पहिल्यांदा म्हणाले, "काय हुंगूलालास रे मघापासनं?" मी पेला पुढं केला. "मी पिणार न्हाई," ते म्हणाले, "पण वासाला काय माळ आडवी येत न्हाई." तेव्हापासून आमच्या मंडळात त्यांचं नाक कायमचं आहे.

पहिली जोडी जानेवारी २०२१. फरक जवळपास नाही. तीन पेले भरायचे, त्यातले दोन एकाच बाटलीचे, आणि वेगळा कुठला ते ओळखायचं, अशी परीक्षा घेतली. बाटल्यांवर पायमोजे चढवून सौंनी ओतलं. पाचांपैकी दोघांना वेगळा पेला सापडला. तीनात एक हा नुसत्या अंदाजाचाच हिशेब, म्हणजे पाचात दोन ही काही कमाई नाही.

त्या रात्रीची फजिती मात्र सांगायला हवी. माझ्या पेल्याला उग्र, बंद कपाटाचा वास. मी ऐटीत जाहीर केलं, कॉर्क लागलंय! बुचातल्या ट्रायक्लोरोॲनिसोलमुळं वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, हे नुकतंच वाचलेलं, त्यामुळं ज्ञान उतू चाललं होतं. काकांनी पेला घेतला, आतल्याऐवजी बाहेरून हुंगला आणि म्हणाले, "डांबरगोळी." पेले ज्या कपाटात होते तिथं साड्यांसाठी डांबरगोळ्या ठेवलेल्या. आता पेले आदल्या दिवशी गरम पाण्यानं, साबणाशिवाय धुतो आणि ओतण्याआधी रिकामा पेला हुंगतो. अर्ध्या "खराब बाटल्या" इथंच बऱ्या होतील.

दुसरी जोडी डिसेंबर २०२२, आणि इथं मी चकलो. कोठीतली बाटली जास्त आवडली! पाचांपैकी चौघांना, डोळे झाकून. कडेला जांभळाच्या जागी डाळिंबी छटा आलेली, ढबू मिरची गेलेली, तुरटपणा काळ्या चहाइतका उतरलेला. फ्रीजमधली अजून कोवळी, अंगात आलेली. टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरत मोठी होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि जीभ सुटते. उष्णतेनं हे काम लवकर होतं. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "फ्रीज विकायचा का?" बरं झालं, गिऱ्हाईक मिळालं नाही.

याच जोडीच्या वेळी वाढण्याचं तापमान नीट मोजलं. रेड वाईन "रूम टेंपरेचर"ला प्यावी हे वाक्य ज्या खोल्यांसाठी निघालं त्या युरोपातल्या, दगडी, सोळा-अठरा अंशांच्या. आपल्या मे महिन्यातल्या खोलीत तीच वाईन ३० अंशांची होते, आणि मग नाकाला फक्त अल्कोहोल लागतं. मला १७ अंश हवे असतात. २७ अंशांची बाटली घरच्या फ्रीजमध्ये १७ वर यायला सव्वा तासाच्या वर लागला. "अर्धा तास ठेवा" हा सल्ला आपल्या हवेत अपुरा आहे. बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत मान बुडेपर्यंत ठेवली तर दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाणी हवंच, त्याशिवाय काचेला गारवा सगळीकडून लागत नाही. आणि थोडी जास्त गार निघाली तर घाबरायचं कारण नाही. पेल्यात ती वीसेक मिनिटांत आपोआप चढते.

जेवणाच्या नोंदी फार आहेत, दोनच सांगतो. संकेश्वरी मिरचीचा झणझणीत मटण रस्सा आणि तुरट रेड वाईन हे लग्न जमत नाही. तिखटानं भाजलेल्या जिभेवर अल्कोहोल आणखी पेटतं आणि तुरटपणा दुप्पट वाटतो. तेच मटण मिरं-खोबऱ्याचं, सुकं, चरबीसकट केलं की टॅनिनला धरायला काहीतरी मिळतं आणि दोघंही गोड लागतात. दुसरी नोंद कुंद्याची, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईची. पाहुण्यांनी प्रेमानं आणला, बेळगावात दुसरं काय आणणार? कुंद्याच्या घासावर कोरडी रेड म्हणजे निव्वळ चिंचेचं पाणी. कुंदा सगळं उरकल्यावर, तोही सावकाश, वाईनचा पेला उचलून नेल्यानंतर.

आता शेवटची जोडी, जानेवारी २०२५.

बाटल्या आदल्या दिवशी उभ्या केल्या, गाळ तळाशी बसावा म्हणून. कोठीतली उभी करताना दिसलं, वाईन खांद्यापर्यंत खाली आलेली. फ्रीजमधली मानेतच होती. टोपण कापलं तर कोठीतलं बूच तोंडाच्या दीड-दोन मिलिमीटर वर आलेलं, आणि ओढल्यावर त्याच्या एका अंगाला तळापासून माथ्यापर्यंत जांभळी रेघ. पाच उन्हाळ्यांत वाईन फुगली, बुचाला ढकलून झिरपली, आणि पावसाळ्यात आक्रसताना तितकीच हवा आत ओढून घेतली. चोवीस मिलिमीटर जाडीचं बूच अठराच्या मानेत दाबून बसवतात, तरी ही रेघ. फ्रीजमधल्या बुचाचं फक्त बूड रंगलेलं.

ओतताना मानेखाली मेणबत्ती धरली (मोबाईलचा दिवाही चालतो, पण त्याचा उजेड डोळ्यात जातो). फ्रीजच्या बाटलीत शेवटच्या दोन बोटांवर काळसर धागा मानेकडं सरकताना दिसला आणि हात थांबवला. डिकँटर नाही माझ्याकडं, सरबताचा काचेचा जग आहे. जुन्या वाईनला त्या जगमध्ये तासभर ठेवायच्या फंदात पडलो नाही, गाळ सोडवून लगेच पेल्यात. कोवळी असती तर खुशाल दीड-दोन तास ठेवली असती.

कोठीतल्या पेल्याचा रंग काताचा. कडेला तर विटकरीपलीकडं जाऊन पिवळा. वास पहिल्या क्षणी गोड आणि भरघोस: बेदाणे, काकवी, शिजवलेलं आलूबुखार. एका मित्रानं वाहवा केली. मग घोट घेतला आणि सगळे गप्प. पुढं थोडं गोडसर, मध्ये काहीच नाही, शेवटी आमसुलाच्या पाण्याचा आंबटपणा. दहा मिनिटांत वासही बसला. दोन वर्षांपूर्वी जिंकलेली हीच वाईन. उष्णतेनं सगळ्या क्रिया वाढतात, पण सारख्या वेगानं नाही. टॅनिन मऊ होण्याच्या जोडीला फळाचा वास उडणं आणि ऑक्सिडेशन आणखी जोरात धावतं. त्यामुळं कोठी म्हणजे घड्याळाचा काटा नुसता पुढं ढकलणं, हा माझा २०२२ चा समज चुकीचा निघाला.

फ्रीजमधली डाळिंबी, मध्ये अजून गडद. जांभूळ आहे, पण ताजं नव्हे, सुकवलेलं. मागं ओली माती, आणि तंबाखू. मी काही न बोलता पेला काकांकडं दिला. त्यांनी डोळे मिटले, पेला नाकाखालून दोनदा फिरवला. "दुसऱ्या वर्षाचा माल. ओल लागलेली न्हाई, धूर न्हाई. वखार चांगली हाय." मग कोठीतला पेला. लांबूनच परत केला. "ह्येची गाठोडी उन्हात राहिली."

माझा नमुना तीन जोड्यांचा, एकाच वाईनचा, त्यामुळं यावर नियम उभारू नका. माझ्यापुरतं ठरलंय ते असं: कोठीत दोन, फार तर तीन वर्षं, तेही दणकट टॅनिनच्या वाईनला. त्यापुढं फ्रीज. आणि आपल्याकडच्या बहुतेक हलक्याफुलक्या रेडना दोन्हीची गरज नाही, घेतलेल्या वर्षी पिऊन मोकळं व्हावं.

पुढच्या फेरीसाठी अकलूजची सेत्ते घ्यायचा विचार आहे. सांजोव्हेजे आणि कॅबर्नेचं मिश्रण, आंबटपणा जास्त धरून असतं, ते कसं उतरतं बघू. नंदी हिल्सकडची ला रिझर्व्ह ही रेड कुणी अशीच जोडीनं ठेवली असेल तर तापमानाच्या आकड्यांसकट नोंदी कळवा, नुसतं "छान होती" नको. या वेळी पाच बाटल्या फ्रीजमध्ये आणि एकच कोठीत, तीही ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्च लागला की ती आत येणार.

थर्मामीटर मात्र कोठीतच टांगलेला आहे. आई आता लोणचं घालायच्या आधी तो बघते.