बादली काय सांगते: सोसायटीतला कचरा मोजण्याचा माझा अनुभव

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत कचरा वर्गीकरणाची मोहीम झाली, तेव्हा समितीने घरोघरी एक फॉर्म वाटला. ‘तुम्ही ओला आणि सुका कचरा वेगळा देता का?’ या प्रश्नावर जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’ अशी खूण केली. त्याच आठवड्यात कचरा गोळा करणाऱ्या ताई खतपेटीपाशी बसून ओल्या कचऱ्यातल्या दुधाच्या पिशव्या, औषधांची पाकिटं आणि कागदात न गुंडाळलेले डायपर हाताने वेचून काढत होत्या.

लोक खोटं बोलत होते, असं मला वाटत नाही. घरात दोन बादल्या आहेत म्हणजे आपण कचरा वेगळा करतो, असं माणसाला मनापासून वाटतं. पण बादल्या दोन असणं आणि त्यांत योग्य तेच पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फॉर्म फक्त पहिली मोजतो. मी अनेक वर्षं महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. त्यामुळे ‘मोहीम यशस्वी झाली’ असं सूचनाफलकावर लिहिण्याआधी सवय बदलली का ते नीट मोजू या, असं मी बैठकीत म्हटलं आणि काम माझ्याकडे आलं.

हा प्रश्न आमच्या फाटकाच्या आतला नाही. पुण्याच्या कचऱ्याचा वास, त्याचं पाणी आणि त्याचा धूर कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं सोसला आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर वर्गीकरणाची आणि ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवण्याची जबाबदारी टाकली. नियम आला, पेट्या आल्या, पत्रकं आली. सवय आली की नाही, हे मात्र कोणी तपासत नव्हतं.

सुरुवात मी ताईंपासून केली. आमच्याकडे येणाऱ्या ताई ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. ही संस्था २००८पासून महापालिकेशी करार करून पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करते. कोणत्या घरातून काय येतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. मी विचारलं, “चांगली बादली कशाला म्हणायचं?” त्या म्हणाल्या, “ज्यात मला हात घालावा लागत नाही, ती.” मोजमापाची याहून नेमकी व्याख्या मला सुचली नसती.

तीच व्याख्या आम्ही वापरली. सदनिकांचे क्रमांक छापलेला एक तक्ता केला. ओली बादली स्वच्छ असेल तर रकाना कोरा, एकदोन चुकीच्या वस्तू असतील तर आडवी रेघ, सगळं एकत्र असेल तर फुली. पहिले काही दिवस त्या आणि मी एकाच बादलीवर वेगवेगळ्या खुणा करायचो आणि मग ताडून बघायचो. चहाचा चोथा कागदी गाळणीसकट टाकलेला असेल तर काय, नारळाची करवंटी ओल्यात की सुक्यात, असे बारीक वाद त्यात मिटले. आमच्या खुणा जुळायला लागल्यावरच तक्ता खरा धरायला सुरुवात केली. या जादा वेळाचे पैसे ताईंना सोसायटीने वेगळे दिले पाहिजेत, हा मुद्दा मी समितीत लावून धरला आणि तो मंजूर झाला. असं काम फुकट करून घेणं मला मान्यच नव्हतं.

समितीचा आग्रह वेगळा होता. फुल्या असलेल्या घरांची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची आणि दंड लावायचा. मी ठाम विरोध केला. एक तर दुसऱ्याच्या कचऱ्यावरून त्याचं आजारपण, त्याचं खाणंपिणं, सगळं कळतं. ते चव्हाट्यावर आणायचा अधिकार आपल्याला नाही. आणि मोजमाप शिक्षेला जोडलं की लोक सवय बदलण्याऐवजी आकडा बदलतात. पिशवी रात्री कोपऱ्यावर जाऊन पडते आणि तक्ता मात्र स्वच्छ दिसतो. म्हणून तक्ता माझ्याकडेच राहील आणि बाहेर फक्त पूर्ण विंगचं चित्र जाईल, असं ठरलं. तरीही शंका नको म्हणून आम्ही सोसायटीच्या मागच्या रस्त्यावरच्या कोपऱ्यावरही लक्ष ठेवलं. आत सुधारणा आणि बाहेर ढीग असं झालं असतं, तर ती सुधारणाच नव्हती.

दुसरी अडचण तुलनेची. मे महिन्यात निम्मी घरं गावाला जातात, पण जी असतात त्यांच्याकडून आंब्याच्या साली आणि कोयी एवढ्या येतात की ओल्या कचऱ्याचं वजन चढतं. पावसाळ्यात तोच कचरा भिजून जड होतो. गणपतीत निर्माल्य, दिवाळीआधी साफसफाईतलं भंगार. मोहिमेआधी मे आणि मोहिमेनंतर जुलै असं मोजून कोणी निष्कर्ष काढला, तर तो ऋतूचा निष्कर्ष असेल. यावर उपाय म्हणजे एका वेळी एकाच विंगमध्ये लोकांना समजावण्याचं काम सुरू करायचं आणि दुसरीत तेव्हा फक्त मोजायचं. आंबे आणि पाऊस दोन्ही विंगना सारखेच. नंतर दुसरीत तेच काम. एकूण वजनाला त्या दिवशी राहत्या असलेल्या घरांच्या संख्येने भागायचं, हेही तेव्हाच ठरवलं.

शिवाय कोणी बघतंय म्हटलं की माणूस नीट वागतो. मी स्वतः हातमोजे घालून जिन्यात उभी राहिले, त्या दिवशी बादल्या नेहमीपेक्षा स्वच्छ निघाल्या. म्हणून मी मागे हटले. ताई रोज येतातच, त्यांच्या येण्याने कोणाच्या वागण्यात फरक पडत नाही. तक्ता भरला जातोय, हे सर्वांना सुरुवातीलाच लेखी कळवलं होतं. कोणता दिवस, ते सांगितलं नव्हतं.

अधूनमधून आम्ही कचरा ताडपत्रीवर पसरून त्याची वर्गवारीही केली. जाड हातमोजे, मास्क, बंद बूट, आणि फुटक्या काचांसाठी चिमटा. सगळा ढीग कालवून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेलं बाजूला. झेपेल एवढा नमुना होईपर्यंत हेच पुन्हा करायचं आणि मग प्रकारानुसार टांगत्या काट्यावर वजन.

या ताडपत्रीनेच मला सर्वांत जास्त शिकवलं. ओल्या कचऱ्यात आम्ही दोन ढीग केले. एकात साली, देठ, कोयी, चहाचा चोथा, म्हणजे स्वयंपाक केला की निघणारच असा भाग. दुसऱ्यात पोळ्या, भात, उसळ, आख्खे नासलेले टोमॅटो, मुदत संपलेला ब्रेड. कचरा कमी झाला का, या प्रश्नाचं उत्तर फक्त दुसऱ्या ढिगात असतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात भारतातल्या घरांमधून वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिला आहे; त्यात खाण्याजोगा भाग आणि साली-बिया दोन्ही धरलेले आहेत. घराघरांत डायरी भरून घेतली तर हा आकडा कमी भरतो, कारण टाकलेलं सगळंच कोणी लिहीत नाही. काटा ते सोडत नाही.

आमच्याकडे काय बदललं? ओल्या बादलीतलं प्लास्टिक लवकर कमी झालं, आणि ते पत्रकामुळे झालं नाही. पहिल्या विंगमध्ये नुसती पत्रकं वाटली तेव्हा तक्ता फारसा हलला नव्हता. बादलीत चुकीची वस्तू दिसली की त्याच दिवशी दारावर ‘आज दुधाची पिशवी ओल्यात होती’ एवढीच चिठ्ठी लावायला लागलो, तेव्हा रेघा कमी होऊ लागल्या. मात्र काही घरांच्या फुल्या तशाच राहिल्या. ताईंनी त्याचं कारण एका वाक्यात सांगितलं: “मॅडम, फॉर्म सायबांनी भरला, बादली मावशी भरतात.” त्या घरांत कचरा घरकाम करणाऱ्या मावशींच्या हातून जात होता आणि आमची सगळी पत्रकं इंग्रजीत होती. फाटकापाशी सकाळच्या वेळी मावशींशी बोललो, चित्रं आणि मराठी मजकूर असलेला कागद ओट्याजवळ लावायला दिला. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, की घरमालकीणच सगळं एका पिशवीत बांधून ठेवते, तर मी सोडून परत वेगळं करायचं का? तिचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि ते बोलणं त्या घरमालकिणीशी आम्हीच जाऊन करायचं होतं.

सॅनिटरी कचऱ्याची सवय सर्वांत हळू बदलली. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ताईंना उघडून बघावं लागत नाही, एवढंच करायचं असतं. पण या विषयावर घरात मोठ्याने बोललंच जात नाही. सुक्या कचऱ्याचं तर वजन उलट वाढलं. त्यातला काही भाग चांगला होता, कारण पूर्वी ओल्यात जाणारं आता सुक्यात येत होतं. उरलेला भाग ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंच्या पुठ्ठ्यांचा आणि पाकिटांचा. म्हणजे कचरा वेगळा करायला आम्ही शिकलो, कमी करायला नाही. वार्षिक सभेत मी हे याच शब्दांत सांगितलं. काहींना ते रुचलं नाही, पण खतपेटीचा फोटो लावून ‘शून्य कचरा सोसायटी’ म्हणवून घेणं मला मंजूर नव्हतं.

चिठ्ठ्या बंद केल्यावर काय होतं, हेही बघायचं होतं. गणपती आणि दिवाळी जाऊ दिली, मग कोणाला काही न सांगता ताईंनी पुन्हा तक्ता भरला. जुन्या घरांची सवय बऱ्यापैकी टिकली होती. नव्या फुल्या बहुतेक नव्याने आलेल्या भाडेकरूंच्या दारांवर होत्या, ज्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून घर भाड्याने देताना सेक्रेटरी जे कागद देतात, त्यात बादल्यांचा कागद असतो, आणि पहिल्या आठवड्यात समितीतलं कोणीतरी त्या घरी प्रत्यक्ष जाऊन येतं. दुसऱ्या ढिगाचं, म्हणजे वाया गेलेल्या अन्नाचं, वेगळं मोजमाप आता दोन्ही विंगमध्ये सुरू केलं आहे. पुढच्या मे महिन्यातल्या वजनाची तुलना आम्ही या वर्षीच्या मे महिन्याशीच करू.