डेडलिफ्ट लॉग: १४० किलो, स्ट्रॅपशिवाय

निघाला! जमिनीवरून १४० किलोचा रॉड, हुक ग्रिप (अंगठा रॉड आणि बोटांमध्ये दाबून धरायची पकड), स्ट्रॅप (मनगट आणि रॉडला गुंडाळायचा पट्टा) नाही, आणि वर नेऊन नीट धरलाही. पावसाळा सुरू झाल्यापासून गुडघ्याशी येऊन उघडणारा उजवा हात आज घट्ट राहिला.

आधीचे अपडेट वाचणाऱ्यांना माहीत आहे, पाठ आणि पाय केव्हाच तयार होते, अडत होतं ते पकडीवर. ठाण्यात घोडबंदर रोडवरची आमची जिम, बाहेर संततधार, आत संध्याकाळची गर्दी. रॉड हातात घेतला की ओलाच लागतो. हात कोरडे ठेवणाऱ्या चॉक पावडरला बंदी आहे. लिक्विड चॉक चालतो, पण दमट हवेत त्यातलं अल्कोहोल उडायला वेळ लागतो. पूर्ण सुकून मॅग्नेशियम कार्बोनेटचा कोरडा थर उरेपर्यंत थांबायचं, मगच रॉडला हात लावायचा. तेवढं करूनही १३० वर हात सुटत होता. मिक्स ग्रिपने (एक हात सुलटा, एक उलटा) निघायचा, पण उलट्या हाताच्या बायसेपवर ताण येतो म्हणून ती मला कायमची नको होती.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की खिडकीजवळच्या रॉडवर हात सरकायचा आणि आरशाजवळच्यावर टिकायचा. जाडीचा फरक असेल म्हणून वागळे इस्टेटमध्ये काम करणाऱ्या मित्राने जाडी मोजायचा व्हर्नियर आणला. दोन्ही रॉड २८ मिमीच्या आसपास, म्हणजे तो संशय फिटला. मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिलं, तर खिडकीजवळच्या रॉडचं नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या खाचा, जवळपास सपाट दिसलं. घाम, कातडी आणि वाळलेला लिक्विड चॉक खाचांत गच्च बसला होता!

ट्रेनरला विचारून जांभळी नाक्यावरून कडक नायलॉनचा ब्रश आणला. तारेचा ब्रश कृपया वापरू नका, रॉडवरचा क्रोम खरवडला जातो. कोरडा ब्रश खाचांच्या दिशेने मारत गेलो तसा पांढुरका चुरा पडत गेला आणि धार पुन्हा बोटांना लागू लागली. नंतर फडकं. त्या आनंदात ११० किलो डबल ओव्हरहँडने (दोन्ही हात सुलटे, अंगठा न दाबता) सहज निघाला.

जिममध्ये नवे असाल तर हे मनापासून सांगतो. रॉड परत ठेवताना घाम पुसा, चॉक लावला असेल तर ब्रश मारा. तुमच्यानंतर कुणाची तरी पकड त्यावर अवलंबून आहे. कुणी रॉडवर असेल तर सेट संपल्यावर ‘दादा, किंवा ताई, किती सेट राहिलेत? मध्ये घेऊ का?’ एवढं विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. डेडलिफ्टमध्ये दोन सेटमध्ये तीनेक मिनिटं विश्रांती असतेच, तेवढ्यात दुसऱ्याचा सेट होतो. मात्र कुणी वाकून रॉड धरलेला असताना त्याच्याशी बोलू नका, समोरून जाऊही नका. रॅकवरच्या रॉडच्या प्लेट काढताना एक या बाजूची, एक त्या बाजूची. एकच बाजू रिकामी केली तर रॉड उलटतो. आणि रॉड वरून सोडू नका, आमच्यासारखी खाली दुकानं असतील तर अजिबातच नाही.

हो, पकड सुटेपर्यंत स्ट्रॅप विकत घेऊ नका. सुरुवातीला रॉड बोटांच्या मुळाशी धरा, तळव्याच्या मध्यात धरला तर वजन उचलताना तो खाली घसरतो आणि कातडी चिमटते. हुक ग्रिपमध्ये अंगठा दुखतो, ते दुखणं हलक्या वजनावर सवयीने कमी होतं.

पुढच्या शनिवारी १४५ लावायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, रॉड आता साफ आहे तर डबल ओव्हरहँडच आधी वाढवावी: शेवटच्या सेटला वर दहा सेकंद धरून उभं राहायचं, दर आठवड्याला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. १२० तसा निघाला की मग हुकने १४५. ब्रश रॅकलाच दोरीने बांधून ठेवायची परवानगी उद्या मागतो. तुमच्या जिममध्ये कुणी रॉड साफ करतं का, आणि कशाने, ते सांगा.