पांदणीची हवा, डांबरीची हवा

पांढरकवड्यापासून आत आमचे गाव, गावापासून शेत साडेतीन किलोमीटर आणि त्यातले शेवटचे दोन किलोमीटर म्हणजे पांदण. बैलबंड्यांनी पाडलेली खोल चाकोरी, तिच्यात अधूनमधून टाकलेले डबर आणि दोन्ही अंगांना बाभळी. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांना शेतावर नेता यावे म्हणून मी जुनी चार-बाय-चार जीप घेतली आणि पहिल्याच फेरीत त्यांनी विचारले, "गाडी होय का बंडी होय हे?"

मेकॅनिकच्या सांगण्यावरून मी चारही शॉकअब्सॉर्बर बदलले, पैसे गेले आणि हादरे होते तसेच राहिले. पुढे एका पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, स्वतःचे गेज लावून पाहिले तेव्हा चारही चाकांत ३८ पौंड हवा निघाली (पीएसआयला आमच्याकडे सगळे पौंडच म्हणतात). दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर मात्र रिकाम्या गाडीसाठी ३० लिहिलेले होते. हवा भरणारा मुलगा दर वेळी "भाऊ, चाळीस टाकून देतो, महिनाभर पाहाचं काम नाही" म्हणत असे आणि मी मान डोलावत असे. दोष त्याचा निम्माच होता, कारण टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा मीही वाचला होता आणि तोच योग्य दाब समजून बसलो होतो. तो आकडा टायरच्या कमाल मर्यादेशी संबंधित असतो. आपल्या गाडीत किती हवा असावी, हे चौकटीवरची पट्टीच सांगते.

कमानपाटे आणि शॉकअब्सॉर्बर मोठे खड्डे सोसतात. मुठीएवढ्या दगडांची सततची खडखड मात्र सर्वांत आधी टायरमधल्या हवेनेच गिळावी लागते. हवा ठासून भरली की टायर दगडावर दबत नाही, उलट संपूर्ण चाकालाच वर फेकतो आणि तो धक्का पाट्यांमार्गे थेट बसणाऱ्याच्या पाठीत जातो. पांदणीच्या तोंडाशी हवा २४ वर आणून ताशी १५ किलोमीटरच्या पुढे न जाता गाडी नेली, त्या दिवशी बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही मोठीच पावती आहे.

झिजेची गोष्ट नंतर लक्षात आली. मागच्या टायरची नक्षी मधल्या खाचेत ३ मिलिमीटर आणि कडेच्या खाचांत ६ मिलिमीटर भरली. म्हणजे जास्त हवेने फुगून टायर मधल्या पट्ट्यावरच चालत आला होता. हवा कमी असती तर याच्या उलट, दोन्ही कडा आधी झिजल्या असत्या. पुढच्या डाव्या टायरचे दुखणे निराळे होते. नक्षीवरून तळहात आतून बाहेर फिरवला तर गुळगुळीत लागे आणि बाहेरून आत आणला तर करवतीच्या दातांसारखा अडकत असे. ही हवेची नव्हे, अलाइनमेंटची, म्हणजे चाकांची दिशा बिघडल्याची खूण. ते करून घेतले आणि प्रश्न मिटला. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची मर्यादा दाखवतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजावे. चिखलात जाणाऱ्याने मात्र तिथवर थांबूच नये.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे ऋतू. तापमान साधारण सहा अंशांनी उतरले की दाब एका पौंडाने कमी होतो. मे महिन्यात ४५ अंशांत बरोबर करून ठेवलेली हवा कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, पहाटे पारा १० वर असताना, न गळताच पाच-सहा पौंडांनी कमी भरते. याउलट, भर उन्हात धावून आलेल्या टायरचा वाढलेला आकडा पाहून हवा सोडणे ही शुद्ध चूक आहे, कारण टायर निवताच ती कमी पडते. एखादे चाक दर आठवड्याला दोन पौंडांनी उतरत असेल तर ऋतूला बोल न लावता बाभळीचा काटा शोधावा. तो मोडून आतच राहतो आणि ट्यूबलेस टायरची हवा फार सावकाश गळते.

काळ्या मातीबद्दल मात्र मी कोणालाही खोटा धीर देणार नाही. नदीच्या वाळूत हवा कमी केली की टायर लांबट पसरतो आणि गाडी तरते, हे खरे आहे. पण मृगाचे दोन दमदार पाऊस झाल्यावर आमची माती नक्षीच्या खाचा अशी भरून टाकते की नवा टायरही गोटा होतो. १८ वर उतरूनही मी त्यात रुतलो आहे, आणि त्याहून खाली गेल्यास वळताना टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. त्या दिवसांत जीप डांबरीवर ठेवून पायी जाणे किंवा ट्रॅक्टरची वाट पाहणे हाच उपाय आहे.

परतताना पुन्हा हवा भरण्याचा कंटाळा मी एकदाच केला. त्याच २४ पौंडांवर नागपूरच्या वाटेला लागलो, तासाभराने थांबून टायरच्या कडेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. माझ्या मापाचा टायर ताशी १०० च्या वेगात सेकंदाला बारा-तेरा फेरे घेतो. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात त्याची कड जास्त दुमडते आणि त्या दुमडण्यातूनच ही उष्णता तयार होते. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर तासन्‌तास असे चालवले असते तर काय झाले असते, याचा विचार नको वाटतो.

आता गाडीच्या बॅटरीवर चालणारा लहान कंप्रेसर सीटखाली असतो. पांदण संपून डांबरी लागते तिथे मोरीजवळ मी गाडी लावतो आणि चारही चाके ३० वर आणतो. या कामाला पंधरा-सोळा मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात बाबा मोरीच्या कठड्यावर बसून तंबाखू मळतात आणि पुढचे चाक झाले की "मागचं पाह्यलं का?" असे विचारतात.