मग कुरोएला आणलं कशाला?

"मावशी, संपलं?" काल रात्री साडेअकराला भाचीने विचारलं. पडद्यावर नावं सरकत होती आणि तिच्या वाटीतले चुरमुरे तसेच राहिले होते.

'मागिया रेकॉर्ड' या जपानी अ‍ॅनिमेचा, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिकेचा, शेवटचा सीझन. एप्रिल २०२२ मध्ये आला, फक्त ४ भागांचा. पहिल्या सीझनचे १३ भाग जादूची शक्ती असलेली नायिका इरोहा हरवलेल्या बहिणीला, उईला शोधत फिरते. कसली घाई नाही. आणि शेवट? एसटी सुटायच्या आत पिशवीत कोंबलेल्या कपड्यांसारखा.

खरी चुटपुट लागली ती कुरोएची. मूळ मोबाइल गेममध्ये ही मुलगी नव्हतीच, अ‍ॅनिमेसाठी मुद्दाम घडवलेली. बावरलेली, कायम अर्धं पाऊल मागे. (साधारण माझ्यासारखी.) जादूची शक्ती असूनही धीट नसलेली कुणीतरी एकदाची सापडली होती. तर तिचीच चेटकीण होते, आणि इरोहालाही तिला वाचवता येत नाही.

होऊ दे, तेही चाललं असतं. पण ते मनात उतरायच्या आत पुढची लढाई सुरू! रडायला दोन मिनिटं तरी द्या की.

"हो गं, संपलं," मी म्हटलं.

"मग कुरोएला आणलं कशाला?"

सकाळपासून उत्तर शोधतेय. तुम्हाला सुचतंय का काही?