इंजिन बंद, चावी एसीसीवर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गावातली वीज गेली, त्याच्या दुसऱ्या रात्रीची ही हकीकत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातले आमचे गाव पंचगंगेच्या काठावर आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आकडे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. खालच्या आळीतली माणसे आणि जनावरे माळावरच्या शाळेत आली होती. आमची गुऱ्हाळाची पिकअपही मी तिथेच आणून लावली होती, कारण गुळाचे रवे, धान्याची पोती आणि आत्यांचे अंथरूण एवढे सगळे तिच्यातच होते.

शाळेत जमलेल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या नातेवाइकाला फोन करायचा होता आणि प्रत्येकाचा मोबाईल बंद पडत आला होता. माझ्या गाडीत लायटरचे १२ व्होल्टचे सॉकेट होते आणि बाजारात जाताना लॅपटॉपसाठी घेतलेला, बॅटरीच्या विजेवर घरगुती प्लग चालवणारा १५० वॉटचा छोटा इन्व्हर्टरही होता. त्याला एक्स्टेंशन बोर्ड जोडून आम्ही संध्याकाळपासून चौदा मोबाईल आळीपाळीने चार्ज केले आणि मुलांना अंधाराची भीती वाटू नये म्हणून नऊ वॉटचा एक एलईडी दिवाही चार तास लावला. हायवेवर पाणी आल्याने डिझेल मिळण्याची खात्री नव्हती, त्यामुळे इंजिन चालू ठेवायचे नाही असे मी ठरवले होते.

पहाटे सहाच्या सुमारास पाणी शाळेच्या खालच्या बांधाला लागले आणि गाडी आणखी वर न्यायची वेळ आली. मी सेल्फ मारला. नुसता कट्-कट् असा आवाज आला. डॅशबोर्डवरचे दिवे लागत होते, हॉर्न बारीक का होईना वाजत होता, पण इंजिन एक फेराही घेईना. आत्या मागच्या बाजूला बसलेल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धाडस मला झाले नाही.

मदतीला एक ट्रकवाले पुढे आले होते, परंतु चुलतभावाचा ट्रॅक्टर चालवणारे मामा धावत आले आणि म्हणाले, "ताई, ट्रकची वायर लावू नका, त्याला चोवीस व्होल्ट असतंय, गाडीतलं सगळं जळंल. ट्रॅक्टर आणतो, त्याची बॅटरी आपल्यासारखीच बाराची हाय." त्यांचे म्हणणे अगदी खरे होते, कारण मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. त्यांनी लाल वायर अधिकाला अधिक अशी लावली, काळ्या वायरचे एक टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या उणे टर्मिनलला लावले आणि दुसरे टोक माझ्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावले. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडू द्यायची नाही, हे त्यांनी हात चालवता चालवताच मला सांगितले. ट्रॅक्टर काही मिनिटे चालू ठेवल्यावर गाडी सुरू झाली.

पूर ओसरल्यावर मी उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली आणि बॅटरी बदलायची का, असे विचारले. त्यांनी बॅटरीपेक्षा आधी चावीकडे पाहिले. "रात्री चावी कुठल्या खाच्यावर होती?" या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता येईना. सॉकेटला वीज मिळावी म्हणून मी अंधारात चावी फिरवली होती, एवढेच मला आठवत होते. चावीचा पहिला खाचा एसीसीचा असतो आणि त्यावर सॉकेट, रेडिओ अशा किरकोळ गोष्टी चालतात. दुसरा खाचा ऑनचा असतो आणि त्यावर इंजिन बंद असले तरी इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सर, रिले म्हणजे विजेवर चालणारे स्विच, मीटरचे दिवे हे सारे जागे राहते. त्यांनी क्लॅम्प मीटर लावून दाखवले, तेव्हा माझ्या गाडीत ऑनच्या खाच्यावर काहीही न जोडता साडेचार अँपिअर जात होते.

त्या दिवशी घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. एक मोबाईल पूर्ण भरायला साधारण १५ वॉट-तास लागतात असे धरले, तर चौदा मोबाईलचे २१० होतात. इन्व्हर्टर आणि चार्जरमधली तूट मिळवली की २५० वॉट-तास, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे २१ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-तास). दिव्याचे तीन अँपिअर-तास झाले आणि इन्व्हर्टर रात्रभर नुसता चालू राहिला त्याचेही तेवढेच झाले. ही सगळी बेरीज २७ भरते. माझ्या बॅटरीवर ७५ अँपिअर-तास असे छापलेले आहे. म्हणजे साऱ्या शाळेचे मोबाईल चार्ज करूनही तिच्यात निम्म्याहून अधिक शिल्लक राहायला हवे होते. पण साडेचार अँपिअर गुणिले आठ तास हे ३६ होतात. त्या रात्री कुणाच्याही उपयोगी न पडता सर्वांत जास्त वीज गेली ती माझ्या एका खाच्याच्या चुकीमुळे, आणि मोबाईल लावणाऱ्या माणसांना मात्र सकाळी उगाचच अपराधी वाटत होते. ही गोष्ट मी नंतर त्यांच्यापैकी प्रत्येकाला घरी जाऊन सांगितली.

दिवे लागतात, मग गाडी का सुरू होत नाही, हे कोडे मला फार दिवस उलगडत नव्हते. डिझेल इंजिनला सेल्फ मारताना दोन-तीनशे अँपिअरचा झटका लागतो, पण तो दोन-तीन सेकंदच. एकूण वीज पाहिली तर पाव अँपिअर-तासाच्या आसपासच खर्च होते. प्रश्न साठ्याचा नसतो, एका क्षणी किती देता येते याचा असतो. गाडीच्या बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटा मुद्दाम पातळ आणि पुष्कळ असतात, कारण तिने क्षणभर जोर करावा आणि लगेच अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राकडून, पुन्हा भरून घ्यावे एवढेच काम तिला नेमून दिलेले आहे. ती उतरत गेली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. दिव्याच्या दोन-चार अँपिअरला ती पुरी पडते, पण सेल्फने ओढताच व्होल्टेज कोसळते आणि रिले नुसता कट्-कट् करतो. शिवाय अशी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर प्लेटांवर लेड सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

इन्व्हर्टरवर विसंबून राहण्यातही धोका आहे. बॅटरी फार उतरली की तो आपोआप बंद होतो खरा, पण बहुतेक छोटे इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास बंद होतात आणि तोपर्यंत गाडी सुरू होण्याची आशा केव्हाच संपलेली असते. म्हणून व्होल्टेज मोजायला मी साधा मल्टिमीटर गाडीतच ठेवते. काही वेळ काहीही न चालवता मोजले तर भरलेली बॅटरी १२.६ किंवा १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन बंद असताना मी १२.३ च्या खाली कधीही जाऊ देत नाही. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा १४ च्या आसपास गेला, तर अल्टरनेटर काम करतो आहे असे समजावे.

सॉकेटचीही मर्यादा असते. माझ्या सॉकेटचा फ्यूज दहा अँपिअरचा आहे, म्हणजे त्यातून १२० वॉटपेक्षा जास्त मागणे चुकीचे आहे. त्या पुराच्या रात्री आत्यांचा नेब्युलायझर लावून पाहिला, तेव्हा त्याच्या कॉम्प्रेसरने सुरू होताना घेतलेला जोर इन्व्हर्टरला झेपला नाही आणि तो पिप्-पिप् करून बंद पडला. मोठा फ्यूज घालून हा प्रश्न सोडवू नये. आतली वायर तेवढ्या जाडीची नसते आणि ती सीटखाली तापत राहते.

अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ पाहून काही ओळखीचे लोक मला विचारतात, की तिथे तर घर चालते, मग आपल्याकडे का नाही. फोर्डने २०२१ च्या एफ-१५० मध्ये कारखान्यातूनच घरगुती सॉकेट दिले, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फामुळे वीज गेली असता काही लोकांनी त्यावर घरातले दिवे आणि हीटर चालवले, हे खरे आहे. पण ७.२ किलोवॉट देणारी ती गाडी हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि वेगळी मोठी बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी आहे. तिची वेगळी बॅटरी कमी झाली की इंजिन आपणहून सुरू होते. आपल्या साध्या डिझेल पिकअपमध्ये सॉकेट आणि सेल्फ एकाच बॅटरीवर जगतात, हा फरक लक्षात घेतल्याशिवाय तुलना करू नये.

इंजिन चालू ठेवूनच सॉकेट वापरावे, असेही काही जण सुचवतात. उघड्यावर ते ठीक आहे, पण पावसात गाडी गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये लावून इंजिन चालू ठेवले तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि शेजारी झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही.

अखेरीस त्याच इलेक्ट्रिशियनकडून मी गाडीत दुसरी बॅटरी बसवून घेतली. ती जाड प्लेटांची, सावकाश उतरण्यासाठी बनवलेली, १०० अँपिअर-तासांची आहे. मधल्या रिलेमुळे इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या भरतात आणि इंजिन बंद झाले की सेल्फची बॅटरी वेगळी पडते. टर्मिनलजवळच फ्यूज आहे आणि ३०० वॉटचा शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा इन्व्हर्टर जाड वायरने थेट तिलाच जोडला आहे. एरवी पहाटे मार्केट यार्डात रवे उतरवताना दिवा आणि पावतीचा प्रिंटर त्यावर चालतो.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेले आणि गाडी पुन्हा माळावर लागली. त्या खेपेस एसीसीच्या खाच्यापाशी मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलेला होता. आत्यांचा नेब्युलायझर रात्री दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटे चालला. मोबाईल किती लागले ते मी मोजले नाही. सकाळी सेल्फच्या बॅटरीवर मीटर लावला तेव्हा १२.६ दाखवत होता. आत्या म्हणाल्या, "बघ गं एकदा चालू करून." पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झाले, आणि मग आम्ही चहा ठेवला.